उन्हाळा म्हणजे वारा

पॅटागोनियात भाड्याची गाडी घेतली, की किल्लीबरोबर एक सूचना हमखास मिळते. गाडी उभी करताना तिचं नाक वाऱ्याकडे करा आणि दार उघडताना ते घट्ट धरून ठेवा. वाऱ्याकडे पाठ करून गाडी लावली, तर दार हातातून निसटून बिजागरीवर उलटं फिरतं, कधी पार मोडून पडतं. नवख्याला वाटतं, ही काळजी हिवाळ्यातल्या वादळांसाठी असेल. पण ही सूचना सर्वांत कामाला येते ती डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यात, तेही आकाश निळंशार असताना.

दक्षिण अमेरिकेच्या खालच्या टोकाचा हा मुलूख अर्जेंटिना आणि चिली या दोन देशांत वाटला गेला आहे. साधारण ३७ दक्षिण अक्षांशापासून ५५ पर्यंत तो पसरला आहे आणि त्याच्यामधून उत्तर-दक्षिण अँडीज पर्वत गेला आहे. पश्चिमेचा चिंचोळा, तुटक बेटांचा भाग चिलीचा आणि पूर्वेचं अफाट माळरान अर्जेंटिनाचं. क्षेत्रफळ दहा लाख चौरस किलोमीटरांच्या आसपास, आणि वस्ती इतकी विरळ की नकाशावर ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं गाव कधीकधी एक पेट्रोल पंप आणि चार घरं एवढंच निघतं. प्रवासाच्या पुस्तिका इथल्या चार ऋतूंची तापमानं देतात. आकडे बरोबर असतात, पण त्यांवरून फारसं काही कळत नाही. इथलं हवामान समजून घ्यायचं, तर सुरुवात वाऱ्यापासूनच करावी लागते. पाऊस कुठे पडणार, झाड कुठवर वाढणार, थंडी किती बोचणार, घराचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं, हे सगळं तोच ठरवतो.

पृथ्वीचा गोल हातात घेऊन खालच्या बाजूने पाहिला, की याचं कारण दिसतं. आफ्रिका ३५ दक्षिण अक्षांशाच्या आसपास संपते. टास्मानिया ४४ पर्यंतही पोचत नाही. न्यूझीलंडची मुख्य बेटं ४७ च्या आत आटोपतात. त्याखाली अंटार्क्टिकापर्यंत जवळजवळ नुसतं पाणी, आणि त्या पाण्यात घुसलेला जमिनीचा मोठा तुकडा एकच, तो पॅटागोनियाचा. उष्ण कटिबंधाकडून ध्रुवाकडे निघालेली हवा पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. शाळेच्या भूगोलातले पश्चिमी वारे ते हेच. उत्तर गोलार्धात त्यांना मोठमोठे भूखंड आणि पर्वतरांगा आडव्या येतात. दक्षिणेत अडवायला कोणी नाही. शिवाय एका बाजूला बर्फाचा खंड आणि दुसऱ्या बाजूला उबदार समुद्र, त्यामुळे तापमानातली तफावत मोठी. आणि जितकी तफावत जास्त तितका वाऱ्याला जोर जास्त. ‘गरजणारे चाळीस’, ‘खवळलेले पन्नास’ ही नावं आपण परीक्षेपुरती पाठ केलेली असतात. शिडाच्या जहाजांवरच्या लोकांना मात्र त्यांचा अर्थ अंगावर झेलावा लागला.

१७८८ साली कॅप्टन विल्यम ब्लाय ‘बाउंटी’ हे जहाज घेऊन ताहितीला निघाला होता. केप हॉर्नला वळसा घालून पश्चिमेकडे जायचं, असा बेत. जवळजवळ महिनाभर तो समोरच्या वाऱ्याशी झुंजला. थोडं पुढे सरकावं आणि पुन्हा मागे ढकललं जावं, असं चाललेलं. शेवटी त्याने नाद सोडला, जहाज वळवलं, वारा पाठीशी घेतला आणि आफ्रिकेचं दक्षिण टोक, हिंदी महासागर, टास्मानिया असा अर्ध्या जगाचा फेरा मारून तो ताहितीला पोचला. (त्याच्या खलाशांनी पुढे बंड केलं ते प्रसिद्ध आहे, पण त्यांना आधी केवढा वळसा पडला होता हे सहसा कोणी सांगत नाही.)

हाच वारा पॅसिफिकवरून ओलावा घेऊन येतो आणि अँडीजवर आदळतो. पुढे काय होतं ते मराठी वाचकाला वेगळं समजावायला नको. महाबळेश्वरला पावसाळ्यात पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, आणि तिथून पूर्वेला माण-खटावात पाचशेची मारामार असते. पॅटागोनियात हीच पर्जन्यछाया, पण सह्याद्रीला उसंत असते आणि अँडीजला ती नाही. आपला पावसाळा चार महिन्यांचा, तिथला पश्चिमी वारा बाराही महिने वाहतो. त्यामुळे चिलीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या बेटांवर कोरडा ऋतू असा नसतोच. वर्षाला चार हजार मिलिमीटर हा तिथे नेहमीचा आकडा, काही जागी तो सात हजारांवर जातो. सदाहरित झाडी, शेवाळ, पाणथळ दलदल, आणि दिवसेंदिवस न दिसणारा सूर्य.

उंचावर हेच पाणी बर्फ होऊन साठतं. दक्षिण पॅटागोनियाचं हिमक्षेत्र सुमारे ३५० किलोमीटर लांब आहे आणि त्याचा विस्तार बारा हजार चौरस किलोमीटरांहून जास्त आहे. अंटार्क्टिका सोडली तर दक्षिण गोलार्धात एवढा बर्फ दुसरीकडे कुठे नाही. गंमत अशी, की हे हिमक्षेत्र ज्या अक्षांशावर आहे त्याच्याइतक्याच उत्तर अक्षांशावर लंडन आणि पॅरिस येतात. तेव्हा इथे एवढा बर्फ आहे तो केवळ थंडीमुळे नव्हे. वाऱ्याने अखंड पुरवलेल्या ओलाव्यामुळे आहे.

हिमक्षेत्राच्या पूर्व कडेला पेरितो मोरेनो हिमनदी आहे. तिथून रस्त्याने ७८ किलोमीटरवर एल कालाफाते हे गाव, आणि तिथे वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या अंतरात माणूस बर्फाच्या भिंतीसमोरून लेंगा झाडांच्या जंगलात आणि जंगलातून उघड्या माळावर येतो. डोंगर उतरताना हवा दाबली जाते, तापते आणि आणखी कोरडी होते. म्हणून माळावर टिकतं ते फक्त कोइरोन गवताचं ठोंब आणि नेनेओची काटेरी, जमिनीला चिकटून वाढणारी गोल झुडपं. उंच वाढायचं धाडस केलेली झाडं जंगलाच्या कडेला दिसतात. त्यांच्या फांद्या एकाच बाजूला, पूर्वेकडे वळलेल्या असतात. होकायंत्र नसलं तरी काम भागतं. आणखी एक उलटी गोष्ट. अटलांटिक किनाऱ्यावर जो थोडाफार पाऊस पडतो, तो बहुधा वारा आपला नेम मोडून पूर्वेकडून आला म्हणजेच पडतो.

आता ऋतूंकडे येऊ. आपल्या जानेवारीत तिथे उन्हाळा आणि जुलैत हिवाळा, हे उघडच आहे. पण तापमानाच्या दृष्टीने हे ऋतू आपण समजतो तितके वेगळे नाहीत, निदान अगदी दक्षिणेला तरी. तिथल्या एका बेटावरचं उशुआया हे शहर जवळजवळ ५५ दक्षिण अक्षांशावर आहे. तेवढ्याच उत्तर अक्षांशावरच्या मॉस्कोत जानेवारीची सरासरी शून्याखाली सहा अंश आणि जुलैची वीसच्या जवळ. उशुआयात उन्हाळ्याची सरासरी दहा अंश आणि हिवाळ्याची एक-दोन अंश. समुद्रावरून आलेला वारा हिवाळा फार गोठू देत नाही आणि उन्हाळा तापू देत नाही. तिथल्या लोकांचा उन्हाळा स्वेटरात जातो. फरक खरा पडतो तो उजेडात: डिसेंबरच्या मध्यापुढे दिवस सतरा तासांवर जातो, जूनमध्ये सात तासांवर येतो.

आणि फरक पडतो वाऱ्यात. हिवाळ्यात पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा उत्तरेकडे पसरतो आणि सैल पडतो. सान्तियागोसारख्या मध्य चिलीतल्या शहरांना हिवाळी पाऊस मिळतो तो याच पसरण्यामुळे. उन्हाळ्यात समुद्रावरचा उच्च दाबाचा प्रदेश दक्षिणेला सरकतो, आणि वाऱ्याचा पट्टा आखडून नेमका पॅटागोनियाच्या डोक्यावर येऊन बसतो. त्यात माळरान आपली भर घालतं. लांबलचक दिवसात जमीन तापते, हवा वर चढते, आणि उंचावरचा वेगवान वारा खाली जमिनीपर्यंत उतरतो. म्हणून तिथल्या उन्हाळी दिवसाला एक ठरावीक चाल असते. पहाटे शांत, दहा-अकराच्या सुमारास सुरुवात, दुपारी कळस आणि रात्री उतार. जाणते गिर्यारोहक आणि मेंढपाळ आपली कामं सकाळी उरकतात ती याच हिशोबाने. मात्र पश्चिमेकडून एखादी मोठी वादळी प्रणाली आली, की हा हिशोब कोलमडतो आणि वारा रात्रंदिवस झोडपतो. अशा प्रणाली एकामागून एक येत राहतात, दोघींच्या मध्ये काही तास ऊन पडतं. एका दिवसात चारही ऋतू पाहायला मिळतात असं तिथे म्हणतात, त्यात अतिशयोक्ती फार नाही.

किती वारा? कोमोदोरो रिवादाविया या अटलांटिक किनाऱ्यावरच्या शहरात वर्षाची सरासरीच ताशी ३० किलोमीटरच्या घरात आहे. सरासरी म्हणजे शांत रात्री धरून. ताशी १०० किलोमीटरचे झोत उन्हाळ्यात बातमी होत नाहीत. मॅजेलन सामुद्रधुनीवरच्या पुन्ता आरेनासमध्ये वाऱ्याच्या दिवशी भर चौकात दोर बांधतात, पायी जाणाऱ्यांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.

शरद ऋतू, म्हणजे एप्रिलच्या आसपासचा काळ, माझ्या मते या प्रदेशाचा सर्वांत चांगला. वारा उतरलेला असतो, पर्यटक परतलेले असतात आणि लेंगा, न्यिरे ही झाडं डोंगरउतारांवर लाल-पिवळी होतात. जाहिरातींमध्ये मात्र डिसेंबर-जानेवारीच असतो, कारण उत्तर गोलार्धातल्या लोकांना सुट्ट्या तेव्हा असतात.

हिवाळ्यात माळावर वारा पडतो, आणि मग खरी थंडी येते. निरभ्र, शांत रात्री जड थंड हवा खोलगट जागी साचते. चुबुत प्रांतातल्या सारमिएंतो इथे १९०७ च्या जूनमध्ये शून्याखाली ३२.८ अंशांची नोंद झाली; दक्षिण अमेरिकेतलं ते सर्वांत कमी तापमान मानलं जातं. वारा असता तर पारा एवढा घसरला नसता. हिमवर्षावाचं भय मेंढपाळांना अधिक. १९९५ चा हिवाळा दक्षिण चिलीत ‘पांढरा भूकंप’ म्हणून लक्षात आहे. बर्फाखाली गवत दिसेनासं झालं आणि मेंढ्यांचे कळप उभ्या जागी मेले.

या हवेत माणसं राहिली कशी? बेटांवरचे यामाना लोक जवळजवळ उघड्या अंगाने राहत, अंगाला सीलची चरबी चोळत आणि होडीतसुद्धा विस्तव पेटता ठेवत. माळावरचे तेहुएल्चे ग्वानाको या प्राण्याच्या कातड्याची पांघरुणं वापरत, आणि त्यांचे कातडी तंबू पश्चिमेकडे पाठ करून उभे राहत. १८६५ च्या जुलैत ‘मिमोसा’ जहाजातून दीडशेच्या आसपास वेल्श माणसं चुबुतच्या किनाऱ्यावर उतरली. आपली भाषा आणि धर्म इंग्रजांच्या दबावापासून दूर जपायचा म्हणून ती आली होती, आणि हिरव्या कुरणांचं आश्वासन त्यांना मिळालं होतं. उतरली ती भर हिवाळ्यात, वर्षाला दोनशे मिलिमीटर पावसाच्या ओसाड प्रदेशात. बारमाही पावसाच्या देशातून आलेल्या या लोकांना पाणी देऊन शेती करायची ठाऊकच नव्हती. चुबुत नदीचे पाट काढायला शिकले तेव्हा त्यांच्या हाती गहू लागला. १८९९ मध्ये त्याच नदीने पूर आणून खोऱ्यातली घरं वाहून नेली, तरी बहुतेक तिथेच राहिले. पाण्याचा असाच शोध कोमोदोरो रिवादावियात चालला होता. १९०७ मध्ये तिथे पाण्यासाठी खणलेल्या विहिरीतून तेल आलं, आणि अर्जेंटिनाचा तेल उद्योग उभा राहिला.

शेतघरं आजही दुरून ओळखू येतात. रिकाम्या माळावर पॉप्लरच्या उंच झाडांची दाट रांग दिसली, की तिच्या आडोशाला घर असणार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे मेंढ्या आल्या आणि भरमसाट वाढल्या. त्यांनी गवत मुळापर्यंत खाल्लं, माती उघडी पडली आणि उघडी माती वाऱ्याने नेली. दोष वाऱ्याला देतात, पण तो आधीही होताच. १९९१ च्या ऑगस्टमध्ये चिलीतल्या हडसन ज्वालामुखीचा उद्रेक झाला. राख बहुतेक पूर्वेला, अर्जेंटिनाच्या माळावर पडली, आणि पडून तिथेच थांबली असती तर निभावलं असतं. वारा ती कित्येक महिने पुन:पुन्हा उडवत राहिला. आधीच डबघाईला आलेली मेंढवाडं त्यानंतर ओस पडली.

ही धूळ फार लांब जाते. अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल छिद्रं पाडून काढलेल्या नमुन्यांत हिमयुगातली धूळ सापडते, आणि तिचं रासायनिक वळण पाहिलं तर ती बरीचशी पॅटागोनियातली निघते. तेव्हा समुद्राची पातळी सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती आणि माळ आजच्यापेक्षा पूर्वेला कितीतरी पसरलेला होता. म्हणजे या वाऱ्याची हजारो वर्षांची रोजनिशी दुसऱ्याच खंडात जपून ठेवलेली आहे.

हवामानाचा अंदाज ही जी गोष्ट आज आपण फोनवर पाहतो, तिच्या जन्माचा एक धागाही इथून जातो. ‘बीगल’ या ब्रिटिश जहाजाचा पहिला कप्तान प्रिंगल स्टोक्स १८२८ मध्ये चिलीकडच्या बेटांचा नकाशा काढत होता. पाऊस, वादळ आणि एकटेपणा यांनी तो खचला आणि त्या हिवाळ्यात त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्या जागी आला तेवीस वर्षांचा रॉबर्ट फिट्झरॉय. याच फिट्झरॉयने पुढच्या सफरीत चार्ल्स डार्विनला सोबत घेतलं. १८३३ च्या जानेवारीत केप हॉर्नजवळ लाटांनी ‘बीगल’ जवळजवळ उलटवली होती. वायुभारमापकाचा पारा उतरू लागला तर काय समजायचं, याचं महत्त्व या समुद्राने त्याला पुरतं पटवलं होतं. १८५४ मध्ये ब्रिटनमध्ये हवामानाच्या नोंदींसाठी खातं निघालं आणि फिट्झरॉय त्याचा प्रमुख झाला. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ जहाज वादळात बुडून चारशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा त्याने तारायंत्राने किनाऱ्यावरच्या नोंदी गोळा करून बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली, आणि १८६१ पासून लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रोजचे अंदाज छापून येऊ लागले. ते चुकले की लोक हसत. १८६५ मध्ये फिट्झरॉयनेही आत्महत्या केली.

१८७७ मध्ये अर्जेंटिनाच्या फ्रान्सिस्को मोरेनोने हिमक्षेत्राच्या कडेच्या एका ग्रॅनाइटच्या सुळक्याला फिट्झरॉयचं नाव दिलं. तेहुएल्चे त्याला चाल्तेन, म्हणजे धुमसणारा डोंगर म्हणत, कारण वाऱ्याच्या झोतात त्याच्या माथ्याला ढगाचा पट्टा सतत चिकटलेला असतो. उंची ३४०० मीटरच्या आसपास, हिमालयाच्या मानाने काहीच नाही. तरी त्याचा माथा १९५२ पर्यंत कोणाच्या पायाखाली आला नव्हता. लिओनेल तेरे आणि ग्विदो मान्योन हे दोघे फ्रेंच तिथे पोचले, त्याच्या दोन वर्षं आधी फ्रेंचांनीच अन्नपूर्णा सर केलेली होती. इथे अडचण उंचीची नव्हतीच. पायथ्याच्या एल चाल्तेन गावात आजही गिर्यारोहक दोन वादळांमधल्या फटीची वाट पाहत आठवडेच्या आठवडे काढतात. पूर्वी ते आकाशाकडे पाहत. आता संगणकावरचा वाऱ्याचा आलेख पाहतात, आणि तो सरळ झाला की रातोरात गाव रिकामं होतं.

गेल्या काही दशकांत या वाऱ्याची जागाच थोडी हलली आहे. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोन थराला पडलेलं भगदाड उघडकीला आलं. दर वसंतात त्याची कड दक्षिण पॅटागोनियावरून सरकते आणि पुन्ता आरेनासमध्ये अतिनील किरणांचा इशारा द्यावा लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की ओझोन घटला म्हणजे ध्रुवावरची उंच हवा अधिक थंड होते, तापमानातली तफावत वाढते, आणि पश्चिमी वाऱ्यांचा पट्टा ध्रुवाकडे ओढला जातो. त्याचा परिणाम जमिनीजवळ नेमका उन्हाळ्यात दिसतो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोन सावकाश भरून येतो आहे, पण हरितगृह वायू याच पट्ट्याला त्याच दिशेने ढकलत आहेत. वारा दक्षिणेला सरकला की उत्तर पॅटागोनियाचा पाऊस कमी होतो, जंगलं वाळतात आणि एखादी ठिणगी पुरते. तोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानात २००५ मध्ये आणि पुन्हा २०११-१२ मध्ये माणसांच्या निष्काळजीपणाने आगी लागल्या. दोन्ही वेळा हजारो हेक्टर जळालं, कारण आग वाऱ्याच्या वेगाने पळाली. पुन्ता तोंबोच्या किनाऱ्यावर २०१९ च्या जानेवारीत एका दिवशी सावलीतलं तापमान ४४ अंशांवर गेलं आणि शेकडो मॅजेलन पेंग्विन उष्म्याने मेले. इतर हिमनद्या मागे हटत असताना कित्येक दशकं जागेवर टिकून राहिलेली पेरितो मोरेनोसुद्धा अलीकडे मागे सरकू लागली आहे.

ज्या वाऱ्याला सगळे शिव्या देत, त्याचा आता भाव ठरवला जातो आहे. चुबुतमधल्या पवनचक्क्या त्यांच्या क्षमतेच्या निम्मी वीज वर्षभर सरासरीने काढतात. जमिनीवरच्या पवनचक्क्यांना जगात असा वारा क्वचितच मिळतो. खरी अडचण विजेच्या गिऱ्हाइकाची आहे, ते हजारो किलोमीटर दूर आहे. म्हणून पुन्ता आरेनासजवळ २०२२ च्या डिसेंबरमध्ये हारू ओनी नावाचा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. तिथे वाऱ्याच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करतात, त्याचा कार्बन डाय-ऑक्साइडशी संयोग करून मिथेनॉल आणि त्यापासून पेट्रोल बनवतात. वारा बाटलीत भरून जहाजाने पाठवायचा म्हणा ना. एक पथ्य मात्र या यंत्रांनाही पाळावं लागतं. वारा ताशी ९० किलोमीटरच्या पुढे गेला, की बहुतेक पवनचक्क्या पाती वळवून आपोआप बंद होतात, आणि पुन्ता आरेनासच्या उन्हाळ्यात असे दिवस काही थोडे नसतात.